शेतात सापडलेली दगडी टोकं : बाण आहेत का, आणि वय कसं ठरवायचं?

गोदाकाठचा | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

आमचं शेत गोदावरीच्या जवळ, पैठण-गेवराई पट्ट्यात. वरचा तुकडा मुरमाड, माळाला लागून. खालचा काळा, थेट ओढ्यापर्यंत गेलेला. यंदा तूर निघाल्यावर वरच्या तुकड्याची खोल नांगरट केली. मृगाच्या पहिल्या दोन पावसांत ढेकळं विरघळली, वरची माती धुपली आणि तांबड्या मुरमात दुधी रंगाचे बारीक तुकडे चमकायला लागले. गारगोट्या आमच्या रानात लहानपणापासून बघतोय, पण हे तुकडे पातळ आणि लांबट होते. आठ दिवसांत १४ जमा झाले.

त्यातला एक रात्रीपासून हातातून सोडवत नाही. लांबी २६ मिलीमीटर, रुंदी ८, जाडी ३. उजेडासमोर धरला की शिजलेल्या साबुदाण्यासारखा आरपार दिसतो. एक कड अशी धारदार की अंगठ्यावर ओरखडा उठला. दुसरी कड मात्र जाड, आणि तिच्यावर ओळीनं बारीक बारीक टवके, उंदरानं कुरतडल्यासारखे. वरचं टोक अणकुचीदार, खालचं मोडलेलं.

फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. एकानं लिहिलं, रामाच्या बाणाचं टोक. दुसऱ्यानं ५ हजार देतो म्हणून फोन केला. पुतण्यानं मोबाईलवरच्या कुठल्याशा ॲपमध्ये फोटो घातला, तर उत्तर आलं : १०,००० वर्षांपूर्वीचा बाण, आणि सोबत अमेरिकेतल्या बाणांची चित्रं. मला खरं काय ते समजून घ्यायचं आहे. हे माणसानं केलेलं आहे का? बाण आहे का? किती जुनं? आणि मी आता काय करायला हवं?

अश्मक | सोमवार, रात्री ११.१५

धागा काढलात, फार बरं केलंत. पुरातत्त्व शिकलोय आणि गोदावरी-प्रवरेच्या काठानं बरीच पायपीट केली आहे, म्हणून लिहितो.

वयाचा प्रश्न जरा मागं ठेवू. आधी हा दगड माणसानं फोडला की नांगरानं, ते बघू. तुमची गारगोटी म्हणजे कॅल्सेडनी. आपल्या बेसाल्टच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकले, त्या पोकळ्यांत पुढं सिलिका साचत गेली, त्यातून गारगोटी, अकीक, जास्पर असे दगड तयार झाले. हे दगड काचेसारखे फुटतात, म्हणून तर आदिमानवानं ते निवडले. दगडानं नेमका ठोका मारून छिलका काढला की ठोक्याच्या जागेखाली छिलक्याच्या आतल्या अंगाला एक लहानसा फुगवटा राहतो. तिथून पुढं वलयं पसरतात, विहिरीत खडा टाकल्यावर पसरतात तशी. वरच्या अंगाला आधी निघालेल्या छिलक्यांचे धारेधारेनं कणे दिसतात.

फाळ लागून किंवा रोटाव्हेटरमध्ये सापडून फुटलेल्या गारगोटीलाही धार येते आणि टवकेही उडतात. पण ते वेडेवाकडे असतात, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. कधी लोखंड घासल्याची काळसर रेघ राहते. शिवाय नव्या टवक्याची चकाकी ताजी असते, जुन्यावर एक मंद पापुद्रा चढलेला असतो.

भिंग घ्या, सकाळी किंवा संध्याकाळी उन्हाची तिरीप दगडावर आडवी पडेल असं बसा, आणि एकच गोष्ट सांगा : त्या जाड कडेवरचे टवके सगळे एकाच बाजूनं काढलेत का?

मांजराकाठ | मंगळवार, सकाळी ६.५०

दादा, एक ध्यानात घ्या. आमचा आज्जा शेळ्या राखायचा, त्याच्या कमरंला चकमकीची पिशवी असायची. लोखंडाचा तुकडा, गारगोटी आन् कापूस. बिडी पेटवायला तेच. झिजलेली गारगोटी तो बांधावरच टाकून द्यायचा. तसल्या गारगोट्या आजबी आमच्या रानात निघतात आन् लोक त्याला आदिमानवाचं हत्यार म्हणून दाखवतात. मी बी चार दिवसापासनं शोधूलालो, दोन सापडल्या. कडा चौफेर ठेचलेल्या, धार कुठंच नाही, आन् एकीवर तांबूस गंज हाय. तुमचा तुकडा त्यातला वाटत नाही, पर तपासून घ्या.

आमच्या मांजरा नदीच्या गाळात तर पाणघोड्याचे आन् हत्तीचे जीवाश्म निघालेत लातूर जिल्ह्यात. जमिनीत काय काय दडलंय.

अश्मक | मंगळवार, सकाळी ८.०५

मांजराकाठ, चकमकीची ओळख इतक्या नेमकेपणानं लिहिलीत, मनापासून आभार. ठेचलेली कड आणि गंज या दोन खुणा सगळ्यांनी लक्षात ठेवा.

नवखा_०७ | मंगळवार, दुपारी १.२०

हा दगड कार्बन डेटिंगला पाठवला तर वय लगेच कळणार नाही का?

गोदाकाठचा | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

मुलीचं शाळेचं भिंग घेऊन ओट्यावर बसलो होतो. अश्मक दादा, टवके सगळे एकाच बाजूनं. मी मोजले : २६ मिलीमीटरमध्ये १९ टवके, एकमेकांना लागून, जवळपास सारख्या मापाचे. आतलं अंग गुळगुळीत आहे आणि किंचित बाक आहे त्याला. वरच्या अंगाला लांबीतून जाणारे दोन कणे, एकमेकांना समांतर. फुगवटा नाही दिसला, बहुतेक मोडलेल्या टोकाबरोबर गेला.

एकोणीस वेळा कुणीतरी हात जपून, धार न बिघडवता ही कड मोडत आणली, हे लक्षात आलं तेव्हा अंगावर काटा आला.

अश्मक | मंगळवार, रात्री १०.५०

मग शंका उरली नाही. हे माणसाच्या हातचं आहे. पुस्तकात याला बोथट पाठीचं पातं म्हणतात. अशा बारीक हत्यारांना मिळून सूक्ष्मास्त्रं म्हणायची पद्धत आहे. चंद्रकोरी, त्रिकोण, समलंब चौकोन, टोचण्या हे सगळे याच कुळातले.

आता बाणाचं. आपल्याकडं अमेरिकेसारखे दोन्ही अंगांनी घडवलेले, बुडाशी खाचा पाडलेले दगडी बाण सहसा मिळत नाहीत. तिथं बाणाच्या बुडाच्या आकारावरून काळ सांगणारे तक्ते तयार झाले आहेत, ते तिथल्या उत्खननांवर बेतलेले. ॲपनं तुमचा तुकडा त्या तक्त्यात बसवला, म्हणून १०,००० चा आकडा आला. इथं त्याला काही आधार नाही.

आपल्याकडचा बाण जोडून केलेला असायचा. लाकडाच्या किंवा हाडाच्या काडीला खोबण पाडायची, तिच्यात अशी तीन-चार पाती ओळीनं बसवायची, राळ किंवा डिंकानं पक्की करायची. कड बोथट करायची ती एवढ्यासाठी, की ती बाजू खोबणीत नीट बसावी आणि बांधताना बोट कापू नये. भीमबेटकाच्या गुहाचित्रांत काटेरी बाण घेतलेले शिकारी दिसतात, त्यातला एकेक काटा म्हणजे असं पातं. पण हेच पातं विळ्यालाही बसवता येतं. धान्य किंवा गवत कापून कापून धारेवर एक वेगळी तुकतुकी चढते, ती सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. तेव्हा तुमच्या हातात बाणाचा भाग असू शकतो, विळ्याचाही असू शकतो.

वय मात्र आकारावरून ठरत नाही, आणि इथंच बहुतेक लोक फसतात. अशी पाती आपल्या देशात फार लांब काळ बनत होती. मध्य प्रदेशातल्या निमाडमध्ये नर्मदेच्या बाजूला मेहताखेडी इथं सूक्ष्मास्त्रं ४५,००० वर्षांपर्यंत मागं गेली आहेत. आंध्रातल्या ज्वालापुरमला सुमारे ३५,००० वर्षं. आणि दुसरं टोक बघा : घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं, तिथले इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातले शेतकरी तांब्याची हत्यारं वापरत होते, तरीही रोजच्या कापाकापीला गारगोटीचीच पाती. तांबं महाग, गारगोटी दारात. तुमच्या जवळचं उदाहरण म्हणजे पैठण तालुक्यातलं आपेगाव. ज्ञानेश्वरांच्या पूर्वजांचं गाव म्हणून आपण ओळखतो, पण १९७६ मध्ये तिथं उत्खनन झालं आणि ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्यांची, वस्ती निघाली.

म्हणजे एकच पातं ४०,००० वर्षांचं असू शकतं आणि ३,००० वर्षांचंही.

नवखा, कार्बन डेटिंग दगडाचं होत नाही. ते एकेकाळी जिवंत असलेल्या वस्तूचं होतं : कोळसा, हाड, शिंपला, बी. त्याची मजलही साधारण ५०,००० वर्षांपर्यंत. दगडाचं स्वतःचं वय काढलं तर आपल्या बेसाल्टचं सुमारे ६.६ कोटी वर्षं येईल. ते लाव्ह्याचं वय झालं, पात्याचं नव्हे. कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव तालुक्यात गेलं की पाटणे गाव लागतं. पुरातत्त्वज्ञ डॉ. साळी यांनी तिथं १९७२-७३ मध्ये खोदलं. पात्यांच्या सोबत शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, काहींचे मणी केलेले, एकावर कोरीव नक्षी. त्या कवचाचं कार्बन मोजलं, ते सुमारे २५,००० वर्षं आलं. त्या थरातल्या दगडांना वय मिळालं ते अंड्याच्या कवचामुळं. आणखी एक पद्धत आहे, मातीतल्या वाळूच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला ते मोजायची. तिलाही न हललेला थर लागतो. नांगरलेल्या रानात वर पडलेल्या तुकड्याला यातलं काही लागू होत नाही.

म्हणून तुमच्या बाबतीत प्रश्न असा : तो नेमका कुठं पडला होता, आणि त्याच्या आजूबाजूला काय होतं?

काळीआई | बुधवार, सकाळी ७.१०

कृषीची पदवीधर आहे, मातीपुरतं बोलते. काळ्या रानात वस्तू जागच्या जागी राहत नाहीत. ही माती पाण्यानं फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात भेगांत अख्खा हात जातो, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. त्या भेगेतून वरची वस्तू खाली पडते, पुढच्या पावसात भेग मिटते, खालची माती दाबानं वर ढकलली जाते. दगड वेचून काढले तरी दुसऱ्या वर्षी परत वर येतात, हा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक बाईला आहे, कारण वेचायचं काम तिच्याच वाट्याला येतं. तेव्हा काळ्या तुकड्यात दोन फुटांवर काही सापडलं म्हणून ते वरच्यापेक्षा जुनं, असं धरू नका. मुरमाड भागात हा घोळ बराच कमी.

रानमेवा | बुधवार, दुपारी ३.३५

एक दुखरी गोष्ट सांगते. सहावीत असताना मामाच्या शेतात, तिकडं वैजापूरकडं, मी असेच चाळीसेक तुकडे वेचले होते. त्यात तीन सुंदर चंद्रकोरी होत्या, करंगळीच्या नखाएवढ्या. मी वहीत लिहून ठेवलं होतं, कुठला तुकडा विहिरीजवळचा, कुठला चिंचेखालचा. शाळेच्या प्रदर्शनात ते ठेवायला दिले. तिथं सगळे एका बरणीत ओतले आणि वर कागद चिकटवला, "प्राचीन दगड". वही परत मिळाली नाही.

बरणी आजही माझ्याकडं आहे. गेल्या वर्षी एका अभ्यासक बाईंना दाखवली. त्या बराच वेळ एकेक तुकडा हातात घेऊन बघत होत्या. मग म्हणाल्या, काम फार छान आहे, पण हे कुठले ते आता सांगता येणार नाही. विहीर बुजली, चिंच पडली. गोदाकाठचा दादा, तुमचे १४ तुकडे एका डबीत असतील तर आजच वेगळे करा.

गोदाकाठचा | बुधवार, रात्री ८.१५

ताई, एकाच डबीत होते. वाचल्यावर तसाच उठलो. ९ तुकड्यांची जागा खात्रीनं आठवली, ते वेगवेगळ्या कागदी पाकिटांत घातले. ५ ची आठवत नाही. त्यांच्यावर तसंच लिहिलं.

तगर | बुधवार, रात्री ९.००

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरहून लिहितोय. आमच्याकडं आणि पैठणला सातवाहन काळात मण्यांचा धंदा होता. अकीक, कार्नेलियन फोडून मणी करायचे, त्याचा चुरा पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडाच्या, मातीत ठायी ठायी मिळतो. त्या चुऱ्यातही छिलके असतात, फुगवटा असतो, वलयं असतात. माणसाच्या हातचं आहे, पण अश्मयुगाशी संबंध नाही. फरक असा की मण्याच्या चुऱ्यात बोथट केलेली कड नसते, आणि बहुधा अर्धवट घडवलेले, भोक पाडताना फुटलेले मणी सोबत मिळतात. आमच्या गावच्या लामतुरे संग्रहालयात तयार मणी भरपूर आहेत, येऊन बघा. मणी ओळखू यायला लागला की चुराही ओळखू येतो.

बांधावरून | गुरुवार, सकाळी १०.२५

५ हजार देणाऱ्याला स्पष्ट नाही सांगा. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू ही १९७२ च्या केंद्रीय कायद्यानं पुरावस्तू ठरते. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदाही आहे : जमिनीत दडलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं. शेत जाईल या भीतीनं लोक गप्प बसतात. लेखी कळवा, पोच घ्या, प्रत जपून ठेवा. आणि गट नंबर इथं लिहू नका. रात्री बॅटरी घेऊन येणारे कमी नाहीत.

अश्मक | गुरुवार, दुपारी २.००

वरच्याला दुजोरा. आणि एक विनंती : स्वतः खड्डा घेऊ नका, एक फूटही नको. वर पडलेलं बघा, नोंदवा. मोबाईलवर प्रत्येक जागेचे अक्षांश-रेखांश घ्या. उचलण्याआधी फोटो, शेजारी पट्टी ठेवून. तुकडा धुवायचा तर साध्या पाण्यानं, ब्रश नको. कागदाच्या पाकिटावर जागा आणि तारीख पेन्सिलनं लिहा. शाई उडते.

आणि फक्त सुंदर तुकडे उचलू नका. पाती ज्याच्यातून काढली तो गाभा सापडला तर तो पात्यापेक्षा जास्त बोलतो. अंगठ्याच्या पेराएवढा, कणसाचे दाणे काढल्यावर बुरकुंडावर उभ्या रेघा राहतात तसा दिसतो. गाभा आणि बारीक चुरा मिळाला तर समजायचं, हत्यार तिथंच बसून घडवलं. खापरांकडंही लक्ष ठेवा. ताम्रपाषाणयुगातलं जोर्वे पद्धतीचं खापर लाल-नारिंगी असतं, वर काळ्या रंगाच्या रेघा किंवा जाळी, भाजणी अशी की टिचकी मारली तर खणकन वाजतं.

मांजराकाठ | गुरुवार, संध्याकाळी ६.४०

मुठीएवढा बदामाच्या आकाराचा काळा दगड, दोन्हीकडून फोडलेला, तो बी यातलाच का? नदीच्या दरडीत बघितला होता.

अश्मक | गुरुवार, संध्याकाळी ७.२०

तो वेगळा आणि कितीतरी जुना, हातकुऱ्हाड असावी. नेवाशाजवळ चिरकीला पुरातत्त्वज्ञ गुडरून कॉर्विनस यांनी १९६० च्या दशकात अशी बेसाल्टची हत्यारं थरात बसलेली खोदून काढली. तो काळ लाखो वर्षांपूर्वीचा. दरडीतून काढू नका, जागेचा फोटो घ्या आणि मला कळवा. त्याच्यावर स्वतंत्र धागा काढू.

गोदाकाठचा | रविवार, रात्री ९.१०

दोन दिवस शेतात होतो. माझी मुलगी आणि पुतण्या सोबत. पाच-पाच पावलांवर सुतळी ताणली आणि त्या सरीनं तिघं खाली मान घालून चाललो, वरच्या बांधापासून ओढ्यापर्यंत. दिसेल तिथं आधी काडी रोवली, मग फोटो, मग पाकीट.

वरच्या मुरमाड तुकड्यात ३१ जागा. त्यात दोन गाभे! एक मुलीला सापडला. खरंच बुरकुंडासारखा, पाच उभ्या रेघा. आजूबाजूला दोन-अडीच पावलांच्या घेरात नखाएवढा चुरा. खापर एकही नाही.

खालच्या काळ्या तुकड्यात पाती ६, आणि खापरं ११. त्यातल्या ४ तुकड्यांवर नारिंगी रंगावर काळ्या रेघा आहेत. टिचकी मारली तर वाजतात. फोटो डकवले आहेत. अश्मक दादा, म्हणजे आमचं शेत जोर्वे काळातलं का?

अश्मक | रविवार, रात्री १०.३०

फोटो बघून मीही हरखलो. तिघांचं काम फार नेटकं आहे. गाभे आणि चुरा वरच्या तुकड्यात, म्हणजे तिथं माळावर बसून कुणीतरी पाती काढत होतं, यात शंका वाटत नाही. खापरं प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय जोर्वे म्हणणार नाही, पण वळण तसं आहे.

एक विचारू का? त्या खालच्या तुकड्यात कधी बाहेरची माती टाकली होती का?

काळीआई | रविवार, रात्री १०.४५

हेच लिहायला आले होते. आपल्या भागात धरणातला, पाझर तलावातला गाळ किती शेतांत गेलाय ते आठवा. गाळयुक्त शिवार योजनेत ट्रॅक्टरच्या ट्रॅक्टर गेले. तलाव जुन्या पांढरीला लागून असेल तर तिथली खापरं गाळासोबत तुमच्या रानात येऊन पडली असतील.

गोदाकाठचा | सोमवार, रात्री ८.५०

वडिलांना सकाळी शेतात घेऊन गेलो. होय, पाच वर्षांपूर्वी गावच्या पाझर तलावाचा गाळ टाकला होता, मी तेव्हा पुण्याला कामाला होतो. वडील ७४ वर्षांचे आहेत, पण त्यांना प्रत्येक खेप आठवते. ते काठी टेकत पुढं चालले आणि बोरीच्या झाडापाशी थांबले. म्हणाले, डिझेलचे पैसे इथपर्यंतच पुरले. त्यांनी काठीनं आडवी रेघ ओढली, मी मोबाईलवर तिची नोंद घेतली.

११ पैकी १० खापरं रेघेच्या खाली आहेत, काळ्या रेघांची चारही. म्हणजे ती तलावाकडची धरायची. पुढच्या आठवड्यात तिकडं जाऊन काठ बघणार आहे, पाणी चढायच्या आत. एक साधं खापर रेघेच्या वर आहे, ते वेगळं ठेवलं.

पहिल्या दिवशीचं ते एकोणीस टवक्यांचं पातं रेघेच्या ४० पावलं वर सापडलं होतं, मुलीच्या गाभ्यापासून हाकेच्या अंतरावर. ती जागा मला पक्की आठवते, कारण तिथं माझी चप्पल तुटली होती. पाकिटावर लिहिलं : क्रमांक १, वरचा तुकडा, मुरूम, गाळ नाही, खापर नाही.

जिल्हाधिकारी कार्यालयाचा अर्ज उद्या देतोय. वरच्या तुकड्यात यंदा नांगर घालायचा नाही, मटकी नुसती वरून फेकून पेरू असं वडील आपणहून म्हणाले.